एका नकाशावरचा बिंदू दुसऱ्या नकाशावर बिनचूक कसा न्यावा

मुंबईतल्या रस्त्यांच्या माहितीवर काम करणाऱ्या कुणाकडेही सगळी माहिती एकाच नकाशावर बेतलेली नसते. खड्ड्यांच्या तक्रारी एका ॲपमधून आलेल्या असतात, बसथांब्यांची यादी दुसऱ्या नकाशावरून केलेली असते, सिग्नलची ठिकाणे कंत्राटदाराने तिसऱ्याच नकाशावर टिपून दिलेली असतात, आणि हे सारे जिथे एकत्र मांडायचे तो ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी बनवलेला खुला नकाशा किंवा एखाद्या कंपनीकडून विकत घेतलेला चौथा नकाशा असतो. अक्षांश-रेखांश उचलून नव्या नकाशावर ठेवले की झाले, असे सुरुवातीला वाटते. प्रत्यक्षात तसे ठेवलेले बिंदू कधी दुभाजकावर पडतात, कधी शेजारच्या इमारतीत, आणि सर्वांत घातक म्हणजे कधी अगदी नेटकेपणाने भलत्याच रस्त्यावर जाऊन बसतात. इमारतीत पडलेला बिंदू निदान डोळ्यांना खुपतो. भलत्या रस्त्यावर बसलेला बिंदू कुणाच्याही लक्षात येत नाही.

याचे कारण नकाशांच्या घडणीत आहे. एका नकाशात दुभाजक असलेला रस्ता मध्यरेषेच्या एकाच रेघेने दाखवलेला असतो, तर दुसऱ्यात दोन्ही वाहिन्यांच्या दोन स्वतंत्र रेघा असतात. एकात दोन चौकांमधला रस्ता ही एक लिंक, म्हणजे नकाशातला रस्त्याचा एक सलग तुकडा, असते, तर दुसऱ्यात तोच रस्ता पुलाच्या सुरुवातीला, वेगमर्यादा बदलते तिथे किंवा नाव बदलते तिथे तुटून त्याच्या पाच लिंक झालेल्या असतात. शिवाय एक नकाशा उपग्रह प्रतिमेवरून आखलेला असतो, दुसरा गाड्यांच्या जीपीएस नोंदींवरून, आणि दोन्हींच्या तारखा वेगळ्या असतात. म्हणूनच या लेखात एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा धरून बसणार आहे: नकाशा बदलताना आपण न्यायचे असते ते रस्त्याच्या जाळ्यातले स्थान, म्हणजे कोणता रस्ता, कोणती वाहिनी आणि कोणत्या चौकापासून किती अंतर. अक्षांश-रेखांश ही त्या स्थानाची केवळ एक खूण आहे. पुढच्या पायऱ्या क्यूजीआयएस किंवा पोस्टजीआयएस ही नकाशांवर काम करण्याची सॉफ्टवेअर थोडेफार वापरलेल्या वाचकाला करता येतील अशा आहेत.

पहिली पायरी: बिंदू कशाचा आहे ते ठरवा

संगणकाला हात लावण्याआधी यादीतले बिंदू चार गटांत वेगळे करावेत. खड्डा, गतिरोधक, अपघाताचे ठिकाण हे रस्त्यावरचे बिंदू आहेत. बसथांबा, पेट्रोल पंप, शाळेचे फाटक हे रस्त्याकडेचे बिंदू आहेत आणि त्यांना रस्त्याची बाजू असते. सिग्नल, वाहतूक बेट हे चौकाचे बिंदू आहेत. चौथ्या गटात ‘हिंदमाताजवळ पाणी साचले’ अशा नोंदी येतात. तिथे जो बिंदू दिसतो तो नोंदणाऱ्याने नकाशाच्या अंदाजे मध्यावर टेकवलेले बोट असतो. या चौथ्या गटातले बिंदू रस्त्याच्या एखाद्या लिंकवर जुळवायला जाऊच नये. ते परिसर म्हणून ठेवावेत. जी अचूकता मूळ नोंदीत नव्हती ती जुळणीतून निर्माण होत नाही, फक्त तसा आभास निर्माण होतो.

याच वेळी हेही ठरवावे की शेवटी हाती काय हवे. फक्त नव्या नकाशावर सुबक दिसणारा ठिपका हवा असेल तर काम हलके आहे. लिंकचा क्रमांक, त्या लिंकवरचे अंतर, दिशा आणि बाजू हवी असेल, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या लागतील.

दुसरी पायरी: दोन्ही नकाशे एकाच मापावर आणा

आजचे बहुतेक नकाशे डब्ल्यूजीएस ८४ या, जीपीएसही वापरतो त्या अक्षांश-रेखांशांच्या प्रणालीत असतात. पण जुन्या सर्वेक्षण नकाशांवरून उतरवलेली माहिती एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, बेतलेली असू शकते आणि ती रूपांतर न करता वापरली तर सगळे बिंदू एकगठ्ठा सरकलेले दिसतात. त्याहून साधी आणि फार वेळा घडणारी गोष्ट म्हणजे अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल. जिओजेसन या फाइल प्रकारात रेखांश आधी लिहायचा असतो, तर आपल्या एक्सेलच्या तक्त्यांत सवयीने अक्षांश आधी येतो. मुंबईचे स्थान साधारण १९ अंश उत्तर आणि ७२.८ अंश पूर्व असल्यामुळे ही अदलाबदल झाली की बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातात, त्यामुळे ती चटकन पकडता येते.

अंतरे मोजण्यासाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपाचा ४३ उत्तर हा पट्टा घ्यावा, कारण ७२ ते ७८ अंश रेखांशांमध्ये मुंबई येते. वेबवरच्या नकाशांना सोयीच्या असलेल्या वेब मर्केटर प्रक्षेपात अंतरे मोजू नयेत. आपल्या अक्षांशावर त्यात प्रत्येक अंतर सुमारे पावणेसहा टक्क्यांनी फुगते, म्हणजे तिथे मोजलेले १०० मीटर जमिनीवर ९४-९५ मीटरच असतात. दशांश स्थळांकडेही लक्ष असावे. मुंबईत अक्षांशाचा एक अंश जवळपास १११ किलोमीटरचा आणि रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा आहे, म्हणून पाच दशांश स्थळे म्हणजे साधारण एक मीटर आणि चार स्थळे म्हणजे दहा-अकरा मीटर. कुणीतरी तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून चार स्थळांवर आकडे तोडले असतील, तर लगतच्या सर्व्हिस रोडपासून मुख्य रस्ता वेगळा ओळखण्याची क्षमता तिथेच संपलेली असते.

तिसरी पायरी: नकाशे एकमेकांपासून किती आणि कुठे सरकले आहेत ते पाहा

कुलाब्यापासून दहिसर आणि मुलुंडपर्यंत विखुरलेले, दोन्ही नकाशांत निःसंशय ओळखू येतील असे वीस-पंचवीस साधे चौक निवडावेत. दोन अरुंद रस्ते काटकोनात छेदतात असे चौक सर्वांत चांगले, कारण मोठ्या चौकात नेमका मध्य कोणता याबद्दलच दोन्ही नकाशांचे मतभेद असतात. प्रत्येक चौकासाठी पहिल्या नकाशातून दुसऱ्या नकाशाकडे जाणारा बाण काढावा. सगळे बाण एकाच दिशेने आणि साधारण सारख्याच लांबीचे असतील तर सरक सर्वत्र एक आहे. तेवढी वजा केली की पुढचे काम बरेच सोपे होते. बाण भागाभागाने वेगळे असतील तर तो नकाशा वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या प्रतिमांवरून आखलेला असण्याची शक्यता असते, आणि मग प्रत्येक भागाची दुरुस्ती वेगळी करावी लागते. बाणांना काहीच ताळमेळ नसेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नये. त्या बाणांची नेहमीची लांबी मात्र लिहून ठेवावी, कारण पुढच्या पायरीत तिचाच आधार आहे.

चौथी पायरी: जवळची एक रेघ न उचलता उमेदवार गोळा करा

बिंदूला सर्वांत जवळच्या रेघेवर नेऊन चिकटवणे हा प्रत्येक सॉफ्टवेअरमधला एका क्लिकचा उपाय आहे आणि बहुतेक चुकांचे मूळही तेच आहे. त्याऐवजी बिंदूभोवती ठरावीक त्रिज्येत येणाऱ्या सगळ्या लिंक उमेदवार म्हणून गोळा कराव्यात. त्रिज्या ठरवताना तीन गोष्टींची बेरीज करावी: मूळ बिंदूची चूक, नकाशांमधली सरक, आणि रस्त्याची अर्धी रुंदी. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो; पण नरिमन पॉइंट किंवा लोअर परळच्या उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवरून परावर्तित होऊन येतो, आणि मेट्रोच्या किंवा उड्डाणपुलाच्या खाली तो अर्धाच मिळतो. तिथे त्रिज्या दुप्पट ठेवणे शहाणपणाचे. उपनगरातल्या साध्या रस्त्यावर २५ ते ३० मीटर पुरतात. पश्चिम द्रुतगती महामार्गासारख्या रुंद रस्त्यावर, जिथे दोन्ही वाहिन्या, दोन्ही सर्व्हिस रोड आणि वरून मेट्रो ७ असा पसारा आहे, तिथे ५० ते ६० मीटर घ्यावे लागतात.

दुतर्फा वाहतुकीची लिंक असेल तर तिचे दोन उमेदवार धरावेत, प्रत्येक दिशेचा एक. ही छोटी गोष्ट सुरुवातीलाच केली नाही तर पुढे बसथांबे हमखास उलट्या बाजूला जातात.

पाचवी पायरी: उमेदवारांना गुण द्या

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. प्रत्येक उमेदवाराला किमान पाच कसोट्यांवर गुण द्यावेत: अंतर, दिशा, रस्त्याचा दर्जा, रस्त्याचे स्वरूप आणि नाव. दर्जा म्हणजे महामार्ग, मुख्य रस्ता, गल्ली अशी उतरंड. दोन नकाशांच्या उतरंडी क्वचितच तंतोतंत जुळतात, म्हणून एका पायरीचा फरक माफ करावा आणि तीन पायऱ्यांचा फरक संशयास्पद मानावा. स्वरूप म्हणजे दुभाजकाचा रस्ता, एकेरी रस्ता, वाहतूक बेट, रॅम्प किंवा सर्व्हिस रोड.

दिशा मोजताना संपूर्ण लिंकच्या टोकापासून टोकापर्यंतची दिशा घेऊ नये, कारण वळणदार रस्त्यावर ती निरर्थक ठरते. बिंदूच्या जागेपासून रेघेवरून सुमारे २० मीटर पुढे जाऊन त्या तुकड्याचा दिशाकोन काढावा. एका नकाशावरचे ठिकाण दुसऱ्यावर ओळखण्यासाठीच्या ओपनएलआर या खुल्या पद्धतीतही (तिच्याबद्दल पुढे येईल) हेच अंतर वापरतात. दोन कोनांतला फरक काढताना ३५५ अंश आणि ५ अंश यांत ३५० नव्हे तर १० अंशांचा फरक आहे, हे सूत्रात बसवायला विसरू नये. फरक २० अंशांच्या आत असेल तर पूर्ण गुण, ६० अंशांच्या पुढे असेल तर उमेदवार बाद, हे प्रमाण मुंबईच्या रस्त्यांना चांगले लागू पडते.

आता हे मोहम्मद अली रोडवर लावून पाहू. या रस्त्यावरून जे. जे. उड्डाणपूल सुमारे अडीच किलोमीटर धावतो आणि खालचा रस्ता दोन्ही वाहिन्यांसह त्याच्या सावलीत चालतो. समजा एका अपघाताची नोंद आहे: वाहन दक्षिणेकडे जात होते. नव्या नकाशावर तीन रेघा सापडल्या. उड्डाणपुलाची रेघ बिंदूपासून ३ मीटरवर, खालची दक्षिण वाहिनी ९ मीटरवर आणि खालची उत्तर वाहिनी ११ मीटरवर. फक्त अंतर पाहिले तर उड्डाणपूल जिंकतो. दिशा पाहिली की उत्तर वाहिनी बाद होते, पण पूल आणि खालची दक्षिण वाहिनी दोन्ही उरतात, कारण त्यांची दिशा एकच आहे. दर्जाही दोघांचा जवळजवळ सारखाच. इथे उंची सांगणारी एखादी खूण लागते, आणि ती बहुधा मूळ नोंदीतच दडलेली असते. नोंदीत दुचाकीचा उल्लेख असेल तर प्रश्न जवळजवळ सुटला, कारण या पुलावर दुचाकींना बंदी आहे. नियम मोडून वर गेलेल्या दुचाकीचा अपवाद उरतो, म्हणून ही कसोटी वजनदार धरावी, निर्णायक नव्हे. पादचारी, हातगाडी, दुकान, मशीद, गल्लीचे तोंड यांपैकी काहीही नोंदीत आले असेल तर जागा खालची आहे. आणि नोंद एकट्या बिंदूची नसून वाहनाच्या संपूर्ण प्रवासाची असेल, तर आधीचे आणि नंतरचे बिंदू पाहावेत: गाडी मधल्या चौकात डावीकडे वळली असेल तर ती पुलावर असणे शक्यच नाही, कारण पुलावरून त्या चौकात उतरता येत नाही. यातले काहीच उपलब्ध नसेल तर बिंदूला ‘अनिश्चित’ असा शेरा द्यावा. तीन मीटर आणि नऊ मीटर यांतला फरक जीपीएसच्या चुकीपेक्षा फार मोठा नाही. त्यावर विसंबून निर्णय देणे म्हणजे नाणे उडवणे आहे.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पूल, बोगदा आणि थर (कोणता रस्ता वर, कोणता खाली) यांसाठी स्वतंत्र टॅग, म्हणजे माहितीच्या खुणा, असतात. नव्या नकाशात तशी माहिती असेल तर ती उमेदवारांच्या तक्त्यात आधीच आणून ठेवावी. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, लालबाग आणि दादर टीटी इथेही हाच पेच पडतो. अशा सगळ्या ठिकाणांची वेगळी यादी करून तिथले प्रत्येक बिंदू माणसाच्या नजरेखालून घालावेत, असा माझा आग्रह राहील. भारतीय टपाल खात्याच्या डिजिपिनसारखे संकेतही इथे मदतीला येत नाहीत, कारण सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दिलेला तो संकेत पुलावर आणि पुलाखाली एकच असतो.

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, याचाही कसोटी म्हणून उपयोग करता येतो. दक्षिणेकडे जाणारी वाहिनी रस्त्याच्या पूर्व अंगाला आणि उत्तरेकडे जाणारी पश्चिम अंगाला असते. नव्या नकाशात एखाद्या दुभाजकाच्या रस्त्यावर याच्या उलट दिसले, तर त्या रेघांच्या दिशाच चुकीच्या नोंदल्या गेल्या आहेत आणि तिथली सगळी जुळणी थांबवून आधी नकाशा दुरुस्त करून घ्यावा.

सहावी पायरी: नावे आणि रुळांची भिंत

नाव ही मोलाची कसोटी आहे, पण मुंबईत ती जपून वापरावी लागते. लाल बहादूर शास्त्री मार्ग, एलबीएस रोड आणि जुन्या नोंदींतला आग्रा रोड हे एकच, सेनापती बापट मार्ग म्हणजेच तुळशी पाइप रोड, वीर सावरकर मार्ग म्हणजे कॅडल रोड, डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग म्हणजे पेडर रोड. दोन नावांतली अक्षरे किती सारखी आहेत हे मोजणारी सूत्रे इथे निरुपयोगी ठरतात, कारण जुन्या आणि नव्या नावांतल्या अक्षरांत फारसे साम्य नसते. पर्यायी नावांचा एक तक्ता हातानेच तयार करावा. तो एकदा केला की वर्षानुवर्षे उपयोगी पडतो. तसेच नाव जुळले म्हणून रस्ता जुळला असेही नाही: महात्मा गांधी मार्ग फोर्टमध्ये आहे, घाटकोपरला आहे, कांदिवलीलाही आहे, आणि स्टेशन रोड तर उपनगरोपनगरी आहे. त्यामुळे नाव जुळल्यास गुण वाढवावेत, न जुळल्यास फारसे कमी करू नयेत आणि रिकाम्या नावाला शिक्षा देऊ नये.

रेल्वेचे रूळ मात्र जवळजवळ निर्णायक कसोटी देतात. मुंबईचा पत्ता पूर्व आणि पश्चिम असा विभागलेला आहे आणि रूळ ओलांडायला बहुतेक ठिकाणी पूल किंवा भुयारी मार्गच लागतो. मूळ नोंदीत अंधेरी पश्चिम किंवा ४०००५८ हा पिन कोड असेल आणि जुळलेली लिंक रुळांच्या पूर्वेला ४०००६९ च्या हद्दीत पडत असेल, तर बाकीचे गुण कितीही असोत, ती जुळणी बाद करावी. यासाठी रुळांची रेघ नकाशात वेगळ्या थरात ठेवून, मूळ बिंदूपासून जुळलेल्या बिंदूपर्यंतची सरळ रेषा तिला छेदते का एवढेच तपासायचे असते. पुलांवरचे बिंदू तेवढे अपवाद म्हणून सोडावेत.

सातवी पायरी: लिंकवरचे अंतर न्या

योग्य लिंक सापडली तरी काम अर्धेच झालेले असते. बिंदू त्या लिंकवर नेमका कुठे, हे ठरवायचे असते. लंब टाकून मिळालेली जागा पुष्कळदा पुरेशी असते, पण रस्ता वळणाचा असेल किंवा दोन्ही नकाशांत वळणाचा आकार वेगळा असेल तर लंब भलतीकडे पडतो. तेव्हा चौकापासूनच्या अंतराचा आधार घ्यावा.

समजा लाल बहादूर शास्त्री मार्गावर दोन चौकांमधले अंतर पहिल्या नकाशात ६२० मीटर भरते आणि बसथांबा पहिल्या चौकापासून २४८ मीटरवर आहे. म्हणजे थांबा एकूण लांबीच्या ०.४ वर आहे. दुसऱ्या नकाशात त्याच दोन चौकांमध्ये अनुक्रमे २१०, ९६ आणि ३३० मीटरच्या तीन लिंक आहेत. एकूण ६३६ मीटर. ६३६ चे ०.४ म्हणजे २५४.४ मीटर. पहिली लिंक २१० वर संपते, म्हणून थांबा दुसऱ्या लिंकमध्ये, तिच्या सुरुवातीपासून ४४.४ मीटरवर येतो. आता बारकाईने पाहायचे ते हे: दुसरी लिंक नकाशात उलट दिशेने आखलेली असेल, तर तिच्या नोंदलेल्या आरंभापासूनचे अंतर ९६ वजा ४४.४, म्हणजे ५१.६ मीटर होईल. लिंकची आखण्याची दिशा आणि वाहतुकीची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच धरल्या की थांबे शिस्तीत, एकसारख्या रीतीने चुकतात.

६२० आणि ६३६ यांत अडीच-पावणेतीन टक्क्यांचा फरक आहे आणि तो स्वाभाविक आहे, कारण एक नकाशा चौकाच्या मध्यापासून मोजतो आणि दुसरा वाहिनीच्या टोकापासून. फरक दहा टक्क्यांच्या पुढे गेला तर मात्र दोन्ही टोकांचे चौक खरेच तेच आहेत का, ते पुन्हा पाहावे. बहुधा मधला एखादा चौक एका नकाशात सुटलेला असतो. आणि बिंदू चौकाच्या अगदी जवळ, म्हणजे साधारण ५० मीटरच्या आत असेल, तर प्रमाणाऐवजी त्या चौकापासूनचे प्रत्यक्ष अंतर तसेच न्यावे. थांबरेषेपासून २० मीटरवरचा गतिरोधक दुसऱ्या नकाशातही तेवढाच दूर असायला हवा, मग पलीकडचा चौक कितीही सरकलेला असो.

लंबाने आलेली जागा आणि प्रमाणाने आलेली जागा यांत दहा-पंधरा मीटरपर्यंत फरक असेल तर कोणतीही घेतली तरी चालते. त्याहून मोठा फरक हा धोक्याचा इशारा समजावा.

आठवी पायरी: चौक आणि रस्त्याकडेची ठिकाणे

एका नकाशात एका नोडने, म्हणजे लिंक जिथे जुळतात त्या एका बिंदूने, दाखवलेला चौक दुसऱ्यात चार, आठ किंवा त्याहून अधिक नोडचा असतो. दादर टीटीचे खोदादाद सर्कल याचे ठळक उदाहरण आहे: खाली वर्तुळाकार फिरणारी वाहतूक, वरून जाणारा उड्डाणपूल, आणि सगळ्या बाजूंनी येऊन मिळणारे रस्ते. इथे एका नोडला दुसरा नोड शोधू नये. दुसऱ्या नकाशातले एकमेकांपासून ३०-४० मीटरमध्ये असलेले आणि छोट्या लिंकनी जोडलेले नोड एकत्र करून त्यांचा एक गट करावा, आणि चौकाला गटाशी जोडावे. मात्र गट करताना वेगळ्या थरांवरचे नोड मिसळू नयेत. दोन चौक तेच आहेत याची खात्री करण्याचा चांगला मार्ग म्हणजे त्यांतून निघणाऱ्या रस्त्यांची संख्या आणि त्यांचे दिशाकोन पडताळणे. चार रस्ते साधारण त्याच दिशांना जात असतील तर जागेत २५ मीटरचा फरक असला तरी चौक तोच असतो.

रस्त्याकडेच्या ठिकाणांसाठी दोन बिंदू जपावेत: एक प्रत्यक्ष ठिकाणाचा आणि दुसरा रस्त्यावरून तिथे शिरण्याच्या जागेचा. मोठ्या रुग्णालयाचा किंवा संकुलाचा मध्यबिंदू मागच्या गल्लीला जवळ असू शकतो, तर फाटक मुख्य रस्त्यावर असते. जुळवायचा तो फाटकाचा बिंदू.

तयार पद्धतींबद्दल

हे सगळे नव्याने शोधायची गरज नाही. जगात यासाठी पद्धती आहेत आणि त्यांतले विचार उसने घेण्याजोगे आहेत. टीएमसी (ट्रॅफिक मेसेज चॅनेल) या वाहतुकीच्या सूचना पाठवण्याच्या जुन्या पद्धतीत महत्त्वाच्या ठिकाणांना आधीच क्रमांक देऊन ठेवतात आणि दोन्ही बाजूंकडे तीच यादी असावी लागते. क्रमांक १६ बिटचा असल्याने एका यादीत ६५,५३६ पेक्षा अधिक ठिकाणे मावत नाहीत, आणि गल्ल्या तर त्यात येतच नाहीत. टॉमटॉम कंपनीने २००९ मध्ये मांडलेली ओपनएलआर ही पद्धत अशी यादी वापरत नाही. ती ठिकाणाचे वर्णन पाठवते: आधारबिंदूंचे अक्षांश-रेखांश, रस्त्याचा दर्जा आणि स्वरूप, दिशाकोन, पुढच्या आधारबिंदूपर्यंतचे अंतर. घेणारा आपल्या नकाशावर त्या वर्णनाला बसणारी जागा शोधतो. आपण वर जे हाताने केले ते हेच. ज्यांना वाहतुकीच्या सलग नोंदी जुळवायच्या आहेत त्यांनी हिडन मार्कोव्ह मॉडेल या संभाव्यतेच्या गणितावर आधारलेली नकाशा-जुळणी वापरावी. तिच्यात एकेका बिंदूचा नव्हे तर संपूर्ण प्रवासाचा एकत्र विचार होतो आणि पुलावर की पुलाखाली यासारखे प्रश्न बरेच सुटतात.

नववी पायरी: पडताळणी

सर्वांत स्वस्त पडताळणी म्हणजे उलटा प्रवास. पहिल्या नकाशावरून दुसऱ्यावर नेलेला बिंदू त्याच नियमांनी परत पहिल्यावर आणावा. तो मूळ लिंकवर, मूळ जागेच्या दहा-पंधरा मीटरमध्ये परतला नाही, तर जुळणी संशयास्पद. परतला म्हणजे बरोबरच आहे असे मात्र नाही, कारण पूल आणि पुलाखालचा रस्ता यांची चूक जाताना आणि येताना सारखीच होऊ शकते.

म्हणून नमुना तपासणीही लागते, आणि नमुना सरसकट न घेता रस्त्यांच्या गटांनुसार घ्यावा. साध्या रस्त्यांवरचे शंभर बिंदू तपासून सगळे बरोबर निघाले तरी त्यातून उड्डाणपुलांबद्दल काहीच कळत नाही. उड्डाणपुलांचा पट्टा, सर्व्हिस रोडचे महामार्ग, दाट वस्तीच्या गल्ल्या, मोठे चौक आणि उरलेला साधा भाग असे गट करून प्रत्येकातून बिंदू निवडावेत. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांमधला गुणांचा फरक हाही चांगला निकष आहे. पहिल्याला ८२ आणि दुसऱ्याला ८० गुण असतील तर ८२ हा आकडा कितीही भरघोस वाटला तरी निर्णय झालेला नाही.

निकाल तीन कप्प्यांत ठेवावेत: जुळले, अनिश्चित, न जुळले. वरिष्ठांना शंभर टक्के जुळणीचा अहवाल आवडतो, हे खरे. पण तो देण्यासाठी अनिश्चित बिंदू जुळलेल्यांत ढकलू नयेत. न जुळलेल्या खड्ड्याची विचारणा होते. चुकीच्या रस्त्यावर जुळलेल्या खड्ड्यासाठी दुरुस्तीचे पथक भलत्या जागी जाते, काही सापडले नाही म्हणून तक्रार बंद होते, आणि खड्डा तिथेच राहतो.

दहावी पायरी: नोंद आणि पुढची आवृत्ती

प्रत्येक जुळणीसोबत मूळ अक्षांश-रेखांश, दोन्ही नकाशांच्या आवृत्तीच्या तारखा, लिंकचे क्रमांक, अंतर, दिशा, बाजू, गुण आणि वापरलेली पद्धत हे सारे लिहून ठेवावे. मूळ अक्षांश-रेखांश कधीही पुसू नयेत. जुळलेली जागा वेगळ्या स्तंभात ठेवावी. लिंकचा क्रमांक कायमचा असतो असे गृहीत धरू नये: ओपनस्ट्रीटमॅपवर कुणीतरी रस्त्याची रेघ मधून तोडली की तिच्या एका भागाला नवा क्रमांक मिळतो आणि आपले अंतर चुकू लागते. ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना आपल्या माहितीचा संच त्याच्या माहितीशी मिसळून प्रसिद्ध करताना काही अटी घालतो. त्या आधी वाचाव्यात.

तारखांचे महत्त्व मुंबईत विशेष आहे. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये वाहतुकीसाठी बंद झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंशतः खुला झाला. म्हणजे मधल्या काळातल्या एखाद्या नकाशात तो पूल नसू शकतो आणि तिथले जुने बिंदू न जुळणे हेच योग्य उत्तर असते. किनारी रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. २०२३ च्या नकाशावर त्या रस्त्यावरचे बिंदू आणले तर ते भुलाभाई देसाई मार्गासारख्या जवळच्या जुन्या रस्त्यावर जाऊन बसू पाहतील. त्याच रस्त्याच्या मलबार हिलखालच्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यांत जीपीएस मिळतच नाही, त्यामुळे तिथली नोंद बोगद्याच्या तोंडापासून किती अंतरावर, अशाच स्वरूपात घ्यावी. नवी आवृत्ती आली की सगळी जुळणी पुन्हा करण्याची गरज नाही: ज्या लिंकचा आकार, क्रमांक किंवा टोकांचे नोड बदलले तेवढ्याच बाजूला काढून त्यांवरचे बिंदू चौथ्या पायरीपासून पुन्हा चालवावेत.

अनिश्चित कप्प्यातल्या बिंदूंसाठी शेवटी प्रत्यक्ष जागेवर जावे लागते. जाणाऱ्याला फक्त अक्षांश-रेखांश न देता छापील नकाशावर सगळे उमेदवार क्रमांकांसह दाखवून द्यावेत, आणि त्याने उत्तर म्हणून क्रमांक लिहावा, सोबत वाहतूक ज्या दिशेने जाते त्या दिशेला तोंड करून घेतलेला एक फोटो जोडावा. त्या फोटोत पुलाचा खांब, दुकानाची पाटी किंवा जवळचा विजेचा खांब आला, तर तो बिंदू पुढच्या प्रत्येक नकाशावरही नेता येतो.